चर्चचा गराज सेल, कोपऱ्यावरच्या पाट्या आणि मराठी शाळा: सल्ला हवा आहे

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात राहतो. आमची मराठी शाळा दर रविवारी दुपारी एका लुथरन चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरते. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्या चर्चचा गराज सेल, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंची विक्री आहे. इकडची जुनी माणसं त्याला रमेज सेल म्हणतात. परवा शाळा सुटल्यावर मी खुर्च्या रचत होते, तेव्हा चर्चच्या ऑफिसमधल्या बाई खाली आल्या. म्हणाल्या, सेलचं काम बघणाऱ्या आज्यांपैकी दोघी या हिवाळ्यात गेल्या, तुमच्या शाळेतलं कुणी मदतीला येईल का?

सहा वर्षं आम्ही तो हॉल वापरतोय. बाहेर उणे वीस असताना आमची मुलं यायच्या आधी कुणीतरी तिथली हीटिंग चालू करून ठेवतं. कोण ठेवतं, हे मी आजवर विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

सेलचे पैसे त्यांच्या फूड पॅन्ट्रीला (गरजू कुटुंबांना फुकट अन्नधान्य देतात तिथे) जातात. दर बुधवारी संध्याकाळी तिथे रांग असते. माझ्याकडे तीन कामं आली आहेत: स्वयंपाकघराच्या वस्तूंचं टेबल, लहान मुलांच्या वस्तूंचं टेबल आणि परिसरातल्या पाट्या-पत्रकं. हातात अडीच आठवडे आहेत.

काल पहिल्यांदा सामानाच्या खोलीत गेले. छतापर्यंत काळ्या पिशव्या. एका आजींबरोबर अकरा पिशव्या उघडल्या, त्यातल्या चार सरळ कचऱ्यात गेल्या. डाग पडलेल्या उशा, झाकण नसलेले डबे, एकेकटे बूट, दोरा उसवलेली जाकिटं. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लोकांना टाकवत नाही, म्हणून ते आमच्याकडे आणून टाकतात." रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं, कारण मीही आजवर डोनेशनच्या पिशव्या डोळे मिटूनच भरल्या आहेत.

तर ज्यांनी असे सेल केले आहेत त्यांनी कृपया लिहा. भाव कसे लावायचे? लहान मुलांच्या वस्तूंपैकी काय ठेवायचं, काय नाही? पाट्या कुठे लावलेल्या चालतात? आणि आपल्या मराठी घरांतून काय मागवावं?

कोपऱ्यावरचा

निळी_छत्री, चांगलं काम हाती घेतलंत. मी १९७६ साली या देशात आलो. पहिल्या हिवाळ्यातला माझा कोट, टेबललॅम्प आणि टाइपरायटर, तिन्ही चर्चच्या सेलमधले. निवृत्तीनंतर नऊ वर्षं मी आमच्या गल्लीतल्या मेथडिस्ट चर्चच्या सेलला गल्ल्यावर बसतो.

भावाचं सांगतो. सगळे भाव क्वार्टरच्या (पंचवीस सेंटच्या नाण्याच्या) पटीत ठेवा: पंचवीस सेंट, पन्नास सेंट, एक डॉलर, दोन डॉलर. म्हणजे निकेल-डाइम (पाच आणि दहा सेंटची नाणी) मोजत बसावं लागत नाही. सकाळी येणारा प्रत्येक जण एटीएममधून काढलेली वीस डॉलरची नोट पुढे करतो. त्यामुळे बँकेतून आदल्या दिवशी एक डॉलरच्या भरपूर नोटा, थोड्या पाचच्या आणि क्वार्टरच्या दोन-तीन गुंडाळ्या आणून ठेवा. गल्ल्याची पेटी टेबलावर सोडून उठायचं नाही. आम्ही खिशाचे एप्रन बांधतो. संध्याकाळी पैसे नेहमी दोघांनी मिळून मोजायचे आणि दोघांनी सही करायची. त्यात अविश्वास काही नाही, मोजणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लावू नका, वेळ पुरणार नाही. एका टेबलाला एक भाव, आणि तो मोठ्या कागदावर लिहून टेबलाच्या वर टांगायचा. शेवटचे दोन तास पिशवीचा भाव: किराण्याची कागदी पिशवी भरा आणि ठरलेली रक्कम द्या. उरलेला माल कोण नेणार हे सेलच्या आधीच ठरवा. ट्रक ठरलेला नसेल तर रविवारी प्रार्थनेला येणाऱ्यांना त्या ढिगातून वाट काढावी लागते.

रमेज हा शब्द मूळचा जहाजावरचा. गलबताच्या पोटात माल रचून ठेवणं म्हणजे रमेज. पुढे गोदीत कुणी न सोडवलेला माल विकायला काढत, त्याला रमेज सेल म्हणू लागले. आणि चर्चचं या धंद्याशी नातं जुनं आहे. गुडविल ही आज सगळ्यांना ठाऊक असलेली संस्था १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाद्र्याने सुरू केली. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायचं, गरजूंना मजुरी देऊन ते दुरुस्त करून घ्यायचं आणि मग विकायचं. 'दुरुस्त करून' हा भाग मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

चिमणचारा

माझ्याकडे एक चांगला लाकडी क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) आहे. नणंदेच्या दोन्ही मुलांचा, मग माझ्या लेकीचा. बाजू खाली सरकते, त्यामुळे बाळाला उचलताना पाठ दुखत नाही. तुमच्या सेलला देऊ का? मी तुमच्यापासून तासाभरावर आहे.

हातोडी

चिमणचारा, नको. बाजू खाली सरकणारे क्रिब २८ जून २०११ पासून या देशात विकायला बंद आहेत. सरकत्या बाजूचे खटके झिजतात, बाजू एका कोपऱ्यात निसटते आणि बाळ गादी व कठड्याच्या फटीत अडकतं. त्यात मुलं दगावली, म्हणून बंदी आली. तुमच्याकडे तीन मुलं त्यात सुखरूप वाढली हे खरं. पण प्रत्येक वेळी सोडून परत जोडताना स्क्रूची भोकं सैल होत गेली आहेत, आणि तिसऱ्या घरी ते कोण कसं जोडेल हे आपल्या हातात नाही.

निळी_छत्री, मुलांच्या टेबलासाठी यादी देतो. कार सीट घेऊच नका. तिच्या प्लास्टिकवर मुदतीची तारीख छापलेली असते, पण ती सीट आधी अपघातातून गेली आहे का हे बघून कळत नाही. क्रिबचे जाड बंपर (कठड्याला आतून बांधायच्या गाद्या) आणि बाळाला तिरकं झोपवायचे स्लीपर २०२२ च्या कायद्याने बंद झालेत. सायकलचं हेल्मेट घ्यायचं तर आत सीपीएससीच्या (कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन, वस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मानकाचं लेबल हवं, ते मानक १९९९ मध्ये आलं. आणि तडा असेल तर लेबल असूनही नाही. लहान मुलांच्या हूडीच्या गळ्यातल्या नाड्या ओढून काढा, घसरगुंडीत अडकून गळा आवळतो. १९७८ आधीचं रंगवलेलं लाकडी खेळणं किंवा फर्निचर असेल तर रंगात शिसं असू शकतं.

बाकी प्रत्येक पाळणा, झोपाळा, हायचेअरचा मॉडेल नंबर त्याच सीपीएससीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या (धोकादायक म्हणून परत मागवलेल्या वस्तूंच्या) यादीत शोधा. रिकॉल झालेली वस्तू विकणं २००८ च्या कायद्याने बेकायदा आहे, आणि त्यातून गराज सेल सुटत नाही. फोन घेऊन एकाला त्याच कामावर बसवा. एका वस्तूला दोन मिनिटं लागतात.

चिमणचारा

हातोडी, मला हे अजिबात माहीत नव्हतं. वाचून पोटात गोळा आला, कारण मी तो रस्त्याच्या कडेला 'फ्री' लिहून ठेवणारच होते. मग आता काय करू?

हातोडी

सगळे भाग सुटे करा, सरकती बाजू करवतीने कापा, आणि मगच कचऱ्यात. अख्खा ठेवलात तर कुणीतरी आनंदाने घरी नेईल. कार सीटचंही तसंच, पट्टे कापून वर मार्करने 'वापरू नका' लिहायचं.

वहीखाते

मी टॅक्सचं काम करते, म्हणून त्या बाजूचं लिहिते. आपल्याकडच्या लोकांना वस्तू मागाल तेव्हा पावती मिळेल का हा प्रश्न येणारच.

देणाऱ्याला पावती द्या. पावतीवर वस्तूंचं वर्णन येतं, किंमत चर्च लिहीत नाही. किंमत देणाऱ्याने स्वतः ठरवायची, आणि ती आज बाजारात जेवढी येईल तेवढीच. विकत घेताना किती दिले होते त्याला अर्थ नाही. कपडे आणि घरगुती वस्तू निदान चांगल्या वापरण्याजोग्या अवस्थेत असाव्या लागतात, हा नियम २००६ पासून आहे. एका वेळची देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर चर्चची लेखी पोच हवीच. वर्षभरातल्या अशा वस्तूंची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली तर फॉर्म ८२८३ भरावा लागतो. आणि जे स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेतात त्यांना वस्तूंच्या या देणगीचा टॅक्समध्ये काही फायदा होत नाही. आपल्यातले बहुतेक जण तेच घेतात. त्यांना हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर मागाहून वाईटपणा येतो.

सेलमध्ये वस्तू विकत घेणं ही देणगी धरली जात नाही. दोन डॉलरच्या कपाला दोन डॉलर दिले, व्यवहार झाला.

चर्चवर या विक्रीचा इन्कम टॅक्स बसत नाही, कारण माल देणगीत आलेला असतो आणि काम करणारे बिनपगारी असतात. सेल्स टॅक्स मात्र राज्याराज्यात वेगळा. मिनेसोटात कपड्यांवर तो नाहीच, बाकी वस्तूंचं चर्चच्या खजिनदारांना विचारा.

पानगळ

एक प्रश्न मनापासून विचारतेय, कुणी दुखावू नये. आम्ही घरी रोज देवपूजा करणारी माणसं. चर्चच्या कामात उतरलं तर प्रार्थनेला बसावं लागतं का? मुलं बरोबर असतील तर त्यांना काय सांगायचं? आमच्या शाळेलाही असंच विचारलं होतं आणि आम्ही या संकोचापायी नाही म्हटलं. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

वसईची_पोर

पानगळ, मी उत्तर देते. मी वसईची, कॅथलिक, घरात मराठी बोलणारी. आमच्या घरी 'सुवार्ता' मासिक यायचं, आजी ते मोठ्याने वाचायची. पूर्वी त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही इकडे पहाटे जागून भाषण ऐकलं होतं. त्यामुळे चर्च म्हटलं की ते परक्यांचं, असं मला कधी वाटलं नाही. पण तुमचा संकोच मला कळतो, कारण इथे आल्यावर मंडळाच्या पहिल्या आरतीला मी अशीच दाराशी उभी राहिले होते.

कामाला सुरुवात करण्याआधी त्या बायका बहुतेक गोल उभ्या राहून मिनिटभर प्रार्थना करतील. तुम्ही शांत उभ्या राहा, किंवा तेवढा वेळ बाहेरच्या खोल्यांतलं काम करा. कुणी काही म्हणणार नाही. आणि मनात शंका असेल तर त्यांना सरळ विचारा, त्या सरळ उत्तर देतात. मुलांना सांगा की आपण शेजाऱ्यांना मदत करतोय. ते खरंच आहे.

एकच करा. देवांच्या मूर्ती, तसबिरी, देव छापलेली कॅलेंडरं सेलच्या टेबलावर ठेवू नका. त्यांना त्याचं काय करावं कळत नाही, आणि चुकून काही अनादर झाला तर त्यांनाच जास्त वाईट वाटेल. आमच्याकडे कुणी जुने क्रूस आणून दिले की असाच पेच पडतो.

दुहेरी_टाका

साड्या! कुणी अजून साड्यांबद्दल का लिहिलं नाही? निळी_छत्री, चर्च लुथरन आहे म्हणालीस ना? मग तिथे गोधड्या करणाऱ्या बायकांचा गट आहे का, नक्की विचार. लुथरन वर्ल्ड रिलीफ ही १९४५ सालची संस्था. तिच्यासाठी चर्चचर्चमधून गोधड्या जातात, साधारण ६० बाय ८० इंचाच्या, आणि त्या निर्वासितांच्या छावण्यांत, भूकंप-पुराच्या ठिकाणी पोहोचतात. वरचा थर तुकड्यांचा, मध्ये अस्तर म्हणून जुनं ब्लँकेट, खाली अख्खी चादर, आणि आपल्यासारखे धावदोऱ्याचे टाके न घालता ठिकठिकाणी जाड दोऱ्याच्या गाठी मारतात. तेवढा फरक सोडला तर ती आपली गोधडीच.

मी आमच्याकडच्या गटात गेले तेव्हा माझ्या आईच्या दोन सुती साड्या घेऊन गेले होते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्या बायकांनी हात फिरवून पाहिला आणि एक जण म्हणाली, नवं कापड असं कधीच लागत नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे बाळाच्या दुपट्याला मुद्दाम आजीचं जुनं लुगडं घेतात. त्यानंतर दर मंगळवारी मी तिथे असते.

म्हणून आपल्या लोकांकडून सुती साड्या मागव. सिंथेटिक, जर-टिकल्यांच्या नकोत. रेशमी असतील तर सेलच्या टेबलावर घडी करून, पदर वर दिसेल अशा ठेव, शिवणकाम करणारी माणसं कापड म्हणून उचलतात.

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. गोधड्यांचा गट आहे! गुरुवारी सकाळी बसतात, म्हणून आम्हाला कधी दिसल्या नाहीत.

मी शाळेच्या ग्रुपवर लिहिलं आणि दोन दिवसांत माझ्या गराजमध्ये नऊ खोके आले. बहुतेक भांडी. स्टीलचे डबे, ताटं, कढया, चार प्रेशर कुकर, पितळेची पातेली, हिंडालियमची बरीच. ही भांडी अमेरिकन माणसांना हवीशी वाटतील का? कुकरबरोबर वापराची चिठ्ठी लिहून ठेवू का?

कढीपत्ता

निळी_छत्री, भांड्यांना चिठ्ठ्या लावायच्या आधी हे वाच. मी प्रयोगशाळेत काम करते, अन्नातल्या धातूंच्या तपासणीशी माझा संबंध येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या एफडीएने (अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन) इशारा दिला की बाहेरून आलेल्या काही अ‍ॅल्युमिनियमच्या, पितळेच्या आणि हिंडालियम-इंडालियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या भांड्यांतून स्वयंपाकात शिसं उतरतं. त्याआधी सिअ‍ॅटलकडच्या किंग काउंटीत आरोग्य खात्याच्या लोकांना प्रश्न पडला होता की अफगाणिस्तानातून आलेल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त का सापडतंय. शोधत शोधत ते घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांपर्यंत पोहोचले, त्यात प्रेशर कुकरही होते. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच तपासणीत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतून शिसं फारच कमी उतरलं.

कारण समजायला सोपं आहे. भंगारातला धातू वितळवून भांडं ओतलं की भंगारात जे काही होतं ते भांड्यात येतं. चिंच, टोमॅटो, कोकम असं आंबट शिजवलं की ते बाहेर यायला मदत होते. म्हणजे आपली आमटी. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि कुठल्या भांड्यात ते आहे हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक हिंडालियमच्या भांड्यात असेलच असं मी म्हणत नाही. पण इशारा ज्या भांड्यांबद्दल आहे ती टाकून द्या, दुरुस्त करू नका, दानही करू नका, असं एफडीएने स्पष्ट लिहिलं आहे. आणि तुझ्या गराजमधल्या कढईवर ती कुठल्या भट्टीत ओतली हे लिहिलेलं नाही.

स्टीलचे डबे, वाट्या, ताटं खुशाल ठेव. हातोहात जातील. स्टीलचे कुकर असतील तर गॅस्केट, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही जागच्या जागी आहेत का बघ. एखादं जरी नसेल तर नको. पितळेची पातेली कल्हई गेलेली असतात, ती 'फक्त शोभेसाठी' लिहूनही मी ठेवणार नाही, कारण चिठ्ठी दुसऱ्या दिवशी निघून जाते.

निळी_छत्री

कढीपत्ता, वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्या हिंडालियममध्ये एक कढई माझी आहे. १९९८ साली मी पहिल्यांदा इकडे आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या रोजच्या वापरातली काढून माझ्या बॅगेत घातली होती, साडीत गुंडाळून. बॅगेच्या वजनाच्या हिशेबात तिच्यासाठी मी पुस्तकं काढली होती. तिच्यात भाजीची फोडणी जशी बसायची तशी दुसऱ्या कशात बसली नाही. दोन्ही मुलं त्या कढईतलं खाऊन मोठी झाली. आता सासूबाई नाहीत. मी ती 'चांगल्या घरी जावी' म्हणून सेलच्या खोक्यात ठेवली होती, वर दोन डॉलरची चिठ्ठीही लावली होती.

काढली. बाकीची हिंडालियमची आणि पितळेचीही काढली. ज्यांची होती त्यांना एकेकाला फोन करून कारण सांगितलं. दोघांना राग आला, आमच्या घरची भांडी काय विषारी आहेत का, असं म्हणाले. मी तुझं लिहिलेलं वाचून दाखवलं. एका काकूंनी फोन ठेवल्यावर स्वतःचा रोजचा कुकरही आणून दिला.

हातोडी

टाकताना तळाला ड्रिलने भोक पाडा. माझ्याकडे या, मी पाडून देतो. तुमची कढई मात्र भोक न पाडता भिंतीवर टांगायची असेल तर टांगा, घरातलं कुणी तिच्यात स्वयंपाक करणार नाही एवढं बघा.

आता पाट्यांचं. ताशी ३० मैलांनी जाणारी गाडी सेकंदाला ४४ फूट पुढे जाते. म्हणजे चालवणाऱ्याला तुमची पाटी वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. 'सेल', वार, वेळ आणि बाण. बस्स. चर्चचं पूर्ण नाव, फूड पॅन्ट्रीची माहिती, फुलांची नक्षी हे सगळं पत्रकावर. पाटीवर जाड काळी अक्षरं, आणि सगळ्या पाट्या एकाच रंगाच्या, म्हणजे पहिली बघितलेल्याला पुढची ओळखू येते.

विजेच्या खांबांवर काही ठोकायचं नाही. त्या खिळ्यांनी आणि स्टेपलांनी खांबावर चढणाऱ्या लाइनमनचे रबरी हातमोजे फाटतात, आणि तो हातमोजा हेच त्याचं संरक्षण असतं. जमिनीत रोवायच्या तारेच्या पाट्या घ्या. ज्याच्या लॉनवर लावायच्या त्याला विचारून लावा. शहराचे पाट्यांचे नियम सिटी हॉलच्या संकेतस्थळावर मिळतील.

पत्रकं घरोघरच्या मेलबॉक्समध्ये टाकायची नाहीत. तिकिटाशिवाय मेलबॉक्समध्ये काही टाकणं इथल्या संघराज्याच्या कायद्यात बसत नाही, दंड होऊ शकतो. दाराच्या कडीला अडकवा, नाहीतर हातात द्या. हातात देणं उत्तम.

जुनं_पुस्तक

एक वेगळा मुद्दा. सकाळी सहाला येऊन पुस्तकांचे बारकोड स्कॅन करणाऱ्या माणसांबद्दल सेलवाल्यांचा नेहमी आक्षेप असतो. मी तसा एक माणूस आहे. नोकरी गेली तेव्हा आठ महिने मी सेलमधली पुस्तकं घेऊन ऑनलाइन विकली आणि त्यावर घरभाडं भरलं. मी कधी घासाघीस केली नाही. कृपया आम्हाला हाकलू नका.

चिमणचारा

जुनं_पुस्तक, तुमची अडचण समजते. पण मी बाळाला घेऊन आठ वाजता पोहोचते तोवर बाळाचे सगळे चांगले कोट कुणीतरी पुढे विकायला नेलेले असतात. चर्चने दोन डॉलरला दिलेला कोट तिथे पंधराला दिसतो. ज्यांच्यासाठी भाव कमी ठेवला त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

कोपऱ्यावरचा

दोघांचंही खरं आहे. आम्ही बरीच वर्षं वाद घालून असं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी दोन तास प्रवेशमूल्य घेऊन सगळ्यांना मोकळीक. त्यात फक्त पुस्तकं, जुनी भांडी, अवजारं, दागिने यांची टेबलं उघडी. मुलांचे कपडे, कोट, अंथरूण-पांघरूण शनिवारी सकाळीच उघडतात. आणि पॅन्ट्रीत येणाऱ्या कुटुंबांना आधीच्या बुधवारी कूपन देतो, त्यावर कपडे फुकट. कूपन कोणतं आणि पैसे कोणते याची गल्ल्यावर मोठ्याने चर्चा करायची नाही. दोन्ही एकाच पेटीत जातात.

निळी_छत्री

कोपऱ्यावरचा काका, कूपनची कल्पना काल कमिटीपुढे मांडली. मान्य झाली.

पत्रकं वाटायला मी आणि धाकटी दोन संध्याकाळी फिरलो. अकरा वर्षं याच भागात राहूनही निम्म्या दारांत पहिल्यांदा उभी राहिले. बऱ्याच जणांनी दिलेली एकच गोष्ट मी घेऊन आले, ती म्हणजे त्यांच्या सूचना. कुणाचं मांजर तीन दिवस सापडत नाही. एका आजोबांना डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जायचं असतं आणि शुक्रवारी गाडी मिळत नाही. एक सातवीतली मुलगी लॉन कापायचं काम शोधतेय. कुणाकडे तोडलेल्या झाडाची लाकडं फुकट न्यायला आहेत. मी विचार करतेय की सेलच्या दिवशी दाराजवळ या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचा एक मोठा सूचनाफलक ठेवावा. चर्चचा एक कॉर्कबोर्ड आहे, पण त्यावर दोन वर्षांपूर्वीचे कागद अजून टोचलेले आहेत.

वसईची_पोर

नक्की ठेव. फक्त प्रत्येक चिठ्ठीवर लावल्याची तारीख टाक आणि महिना झाला की काढून टाक. जुने कागद दिसले की लोक नवे वाचत नाहीत. चिठ्ठीच्या खाली फोन नंबरच्या फाडायच्या पट्ट्या कर. लहान मुलीच्या चिठ्ठीवर तिचं नाव नको, आईचा नंबर टाक. आणि 'आम्ही तीन आठवडे गावाला जातोय, झाडांना पाणी घालायला कुणी हवं' असं कुणी लिहिलं असेल तर तारखा काढ, घर रिकामं आहे हे फलकावर सांगू नये.

आणि तुमच्या मराठी शाळेची चिठ्ठी त्या फलकावर आहे का?

निळी_छत्री

नव्हती. सहा वर्षांत एकदाही लावली नव्हती. काल लावली.

निळी_छत्री

सेल झाला. थोडक्यात लिहिते, कारण पाय दुखतायत.

शुक्रवारी पुस्तकं घ्यायला लोक आले, त्यातल्या दोघांनी जाताना टेबलं हलवायला मदत केली. शनिवारी सकाळी साडेसातलाच बाहेर रांग होती. स्टीलचे डबे नऊच्या आत संपले. एका बाईंनी पोळ्यांचा डबा शिवणाच्या सामानासाठी घेतला. कुकर एकच ठेवला होता, स्टीलचा. तो एका सोमाली आजींनी घेतला. मी चिठ्ठी वाचून दाखवायला लागले तर त्यांनी माझ्या हातून झाकण घेऊन एका दमात बसवून दाखवलं. हायचेअर दोन आल्या होत्या, एक रिकॉलच्या यादीत निघाली. हातोडीदादांनी तिचे पाय कापून दिले.

कूपनं बरीच आली. मी मोजली नाहीत.

शुक्रवारच्या डायलिसिसला दोन जणांनी पट्ट्या फाडून नेल्या आहेत, त्यातले एक आमच्याच शाळेतल्या मुलाचे बाबा. मांजर अजून सापडलेलं नाही, ती चिठ्ठी मी फलकावर ठेवली आहे. पाट्या सगळ्या संध्याकाळी काढून आणल्या, एक वाऱ्याने ओढ्यात गेली होती तीही.

हीटिंग चालू करून ठेवणारे कोण, तेही कळलं. या हिवाळ्यात गेलेल्या त्या दोन आज्यांपैकी एकीचे यजमान आहेत. काल ते गोधड्यांच्या टेबलाशी बसून होते.

गोधड्यांच्या गटाला आता पाठीच्या कापडासाठी सुती साड्या हव्या आहेत. गुरुवारी मी जाणार आहे, सुट्टी टाकली आहे. कुणाकडे असतील तर कळवा.

वसईची_पोर

माझ्याकडे सतरा आहेत. आजीच्या आणि आईच्या, धुऊन घडी करून ठेवलेल्या. सोमवारी पोस्टात टाकते, पत्ता माझ्या विचारपुशीत (इथल्या निरोपांच्या पानावर) दे.